मुलीच्या ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) असेसमेंटबद्दल डॉक्टरांशी बोलायचे आहे, तयारी कशी करावी?

यावलकरीण (यावल तालुका)

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. तिचा अभ्यास चांगला आहे, वाचन तर वयाच्या मानाने पुष्कळ पुढचे आहे, आणि वर्गात ती इतकी शांत असते की बाई तिचे उदाहरण इतरांना देतात. हीच मुलगी घरी आली की दप्तर फेकते, गणवेशाचा पट्टा ओरबाडून काढते आणि पलंगाखाली जाऊन पडून राहते. त्या वेळी कुणी हाक मारली किंवा नुसता पाण्याचा पेला पुढे केला तरी किंचाळते. कळण्याची भाकरी तिला आवडते, पण ती अख्खी हवी. वाढताना भाकरी मोडली तर ती ताट सरकवते, आणि दुसरी अख्खी भाकरी दिली तरी त्या वेळचे जेवण संपलेले असते. मागच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसली, पाहुण्यांनी घर भरले आणि वाजंत्री सुरू झाली, तेव्हा ती धान्याच्या कोठीमागे कानांवर हात ठेवून बसली ती रोटांच्या पंगती उठेपर्यंत बाहेर आली नाही. गल्लीतील मांजरांची वंशावळ तिने एका वहीत लिहून काढली आहे आणि त्या विषयावर ती कितीही वेळ बोलू शकते, समोरचा ऐकतो आहे की नाही याचे भान तिला राहत नाही. मैत्रीण एकच आहे, आणि तिच्या बोलण्याच्या लकबी, केसांच्या रिबिनीची गाठसुद्धा, ती जशीच्या तशी उचलते.

आम्ही एका डॉक्टरांना दाखवले होते. त्यांनी तिला नाव, इयत्ता आणि आवडता विषय विचारला, तिने नीट उत्तरे दिली, आणि "बोलते, डोळ्यांत बघते, मार्क चांगले आहेत, मग ऑटिझम कसला? लाड कमी करा," असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. सासूबाईंचे म्हणणे तर ठरलेलेच आहे, "हिना बाप बी आसाच व्हता." आता जळगावला दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तेथेही दहा मिनिटांत सारे आटोपले तर पुन्हा तेच ऐकून यावे लागेल, अशी मला भीती वाटते. काय लिहून न्यावे, कोणते कागद जवळ ठेवावेत, मुलीसमोर किती बोलावे आणि नेमके मागावे काय, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

सातपुड्याचा शेतकरी (चोपडा तालुका)

ताई, माझ्या मुलाचे निदान तो सात वर्षांचा असताना झाले, त्या अनुभवावरून लिहितो. दवाखान्यातील खोली हे आपल्या मुलांना समजून घेण्याचे सर्वांत वाईट ठिकाण आहे. तेथे एकच मोठा माणूस असतो, तो साधे आणि ठरावीक प्रश्न विचारतो, आजूबाजूला गोंगाट नसतो आणि दुसरे मूलही नसते. अशा ठिकाणी आपली मुले उत्तम वागतात. म्हणून जे डॉक्टरांना दिसणार नाही ते तुम्ही कागदावर घेऊन गेले पाहिजे, आणि तो कागद एकाच पानाचा असला पाहिजे, कारण वहीभर मजकूर कुणी वाचत नाही.

त्या पानावर मते लिहू नका, प्रसंग लिहा. "मुलगी हट्टी आहे" किंवा "आवाज सहन होत नाही" या वाक्यांतून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, कारण तशी मुले घरोघर आहेत. तुमचा भाकरीचा प्रसंग मात्र घ्या. भाकरी मोडली होती, दुसरी अख्खी देऊनही जेवण झाले नाही, असे आठवड्यातून साधारण किती वेळा होते, केव्हापासून होते आणि त्यापायी घरात तुम्ही काय बदलले आहे, एवढे लिहिले की तो हट्ट आहे की आणखी काही, हे तपासणाऱ्याला स्वतःच दिसते. घरच्यांनी केलेला बदल लिहायला आपण विसरतो आणि खरी तीव्रता तर तेथेच कळते. आमच्याकडे मिक्सर फक्त मुलगा शाळेत गेल्यावर लावला जात असे. ही गोष्ट आम्हाला इतकी अंगवळणी पडली होती की डॉक्टरांनी विचारेपर्यंत ती सांगण्याजोगी आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते.

दुसरी तयारी लहानपणाची. ऑटिझमच्या निकषांत लक्षणे बालपणापासून असावी लागतात, जरी ती पुढे शाळेचा आणि मैत्रीचा ताण वाढल्यावर ठळक झाली असली तरी. म्हणून दोन ते चार वर्षांच्या काळात ती बोटाने वस्तू दाखवत होती का, विमान किंवा बैल दिसला तर "तो बघ" म्हणून तुमच्याकडे वळून पाहत होती का, नावाने हाक मारल्यावर वळत होती का, भातुकलीत खोटा खोटा चहा करत होती की भांडी नुसती ओळीने मांडत होती, बोलायला केव्हा लागली, आलेले शब्द मधेच गेले होते का, हे आठवून लिहा. स्वतःला आठवत नसेल तर सासूबाईंना विचारा. "बाप बी आसाच व्हता" हे वाक्यही थट्टेवारी न नेता सांगा, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि घराण्यातील माहिती डॉक्टरांना हवीच असते. जुन्या मोबाईलमधील वाढदिवसाचे आणि जावळाचे व्हिडिओ शोधा. माता-बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाचे कागद, फिट किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचे कागद, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा.

विशेष शिक्षिका, धुळे

वरच्या प्रतिसादातील प्रसंगांबद्दलच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी अशा मुलांसोबत बरीच वर्षे काम करते, त्यामुळे तपासणी कशी होते आणि तीत काय धरता येते, काय नाही, ते थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट, ऑटिझम दाखवणारी रक्ताची चाचणी, एमआरआय किंवा ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) अस्तित्वात नाही. निदान होते ते पालकांकडून घेतलेल्या सविस्तर माहितीवर आणि मुलाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर. ईईजी फिट येत असल्यास सांगतात, एमआरआयही तसेच वेगळे कारण असल्याशिवाय लागत नाही. श्रवणचाचणी मात्र करून घ्यावी, आणि नऊ वर्षांच्या सहकार्य करणाऱ्या मुलीला झोपवून करण्याच्या बेरा चाचणीची सहसा गरज पडत नाही; हेडफोन लावून करतात ती साधी ऑडिओमेट्री पुरते.

दुसरी गोष्ट, बोलणारे मूल म्हणजे ऑटिझम नाही, हा समज आता धरता येत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत दोन बाजू पाहिल्या जातात. एक म्हणजे सामाजिक देवाणघेवाण, नजर व हावभाव आणि नाती जुळवणे व टिकवणे यांतील अडचण, आणि ही तिन्ही अंगांनी दिसावी लागते. दुसरी बाजू चार गोष्टींची आहे: तेच तेच हालचालींचे किंवा बोलण्याचे प्रकार, ठरलेली रीत मोडल्यावर होणारा त्रास, एखाद्या विषयात असामान्य गुंतणे, आणि आवाज, स्पर्श, चव यांना फार तीव्र किंवा फार कमी प्रतिसाद, यांपैकी किमान दोन असाव्या लागतात. बोलता न येणे ही यातील अट नाही आणि कमी बुद्धी हीही नाही. तुम्ही सांगितलेल्या घटना, म्हणजे भाकरी, वाजंत्री, पट्टा, मांजरांची वही, या दुसऱ्या बाजूत बसू शकतात. पहिल्या बाजूबद्दल तुमच्या प्रश्नात कमी आहे, मैत्रिणीचा उल्लेख तेवढा आहे. त्यामुळे कागदावर त्या बाजूचे प्रसंग मुद्दाम जमवा: मधल्या सुट्टीत ती काय करते, खेळात कुणी नियम बदलला तर काय होते, थट्टा कळते का, मैत्रीण गैरहजर असेल तर दिवस कसा जातो. हे घरून कळणार नाही, शाळेतूनच कळेल.

म्हणून वर्गशिक्षिकेचे पत्र न्या, पण "मुलगी गुणी आहे" एवढेच लिहिलेले पत्र तुमच्या विरुद्ध जाईल. बाईंना भेटून चार-पाच प्रश्न लेखी द्या आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत मागा. गटात काम दिले तर ती कुठे बसते? उत्तर येत असूनही हात वर करते का? अचानक तास बदलला किंवा बदली शिक्षिका आल्या तर चेहरा कसा होतो? शाळेत शांत आणि घरी स्फोट, ही जोडी मुलींमध्ये पुष्कळदा दिसते. दिवसभर दुसऱ्यांचे पाहून वागणे निभावायचे आणि दार बंद झाले की सगळे सुटायचे. मुलांच्या तुलनेत मुलींचे निदान कमी आणि उशिरा होण्यामागे हे एक कारण मानले जाते. मैत्रिणीची रिबीन उचलण्याची गोष्ट म्हणून किरकोळ समजू नका, ती पहिल्या पाच प्रसंगांत लिहा.

चाचण्यांविषयी. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही भारतीय मापनी वापरतात. तीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००, आणि ७० किंवा त्याहून अधिक गुण आले तर ऑटिझमच्या दिशेने पाहिले जाते. मापनी चांगली आहे, पण बोलक्या आणि आपल्या अडचणी लपवून वागणाऱ्या मुलीच्या बाबतीत एका बैठकीतील आकड्यावर "नाही" म्हणून थांबणे मला पटत नाही. सोबत बुद्ध्यांक, भाषा आणि दैनंदिन कौशल्ये यांची तपासणीही व्हायला हवी.

आणि मनाची तयारी अशीही ठेवा की उत्तर दुसरेच निघू शकते. अतिचिंता, एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता), श्रवणदोष यांतही यातील काही गोष्टी दिसतात. शिवाय ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकाच वेळी असू शकतात, २०१३ पूर्वीच्या पुस्तिकेत मात्र दोन्ही निदाने सोबत देता येत नसत. जुन्या शिकवणीचे डॉक्टर अजूनही "हे असेल तर ते नसते" असे सांगताना आढळतात.

भुसावळ जंक्शन

आमच्या नात्यातील एका मुलाला मोठ्या शहरात स्टेम सेलची (मूलपेशींची) इंजेक्शने दिली, बराच खर्च आला, पण म्हणे मूल सुधारते. एवढ्या तपासण्या करत बसण्यापेक्षा थेट तिकडेच का जाऊ नये?

विशेष शिक्षिका, धुळे

भाऊ, नम्रपणे पण स्पष्ट सांगते, तसे करू नये. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसारख्या स्थितीत स्टेम सेलचा वापर मंजूर संशोधन-चाचणीच्या बाहेर करता येत नाही, आणि संशोधन-चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. जेथे पॅकेजचा दर सांगितला जातो तेथून परत फिरावे. या मुलीचे तर अजून निदानही झालेले नाही.

तापीकाठची (शहादा)

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. माझे निदान सत्ताविशीत झाले, आणि नऊ वर्षांची असताना मी तुमच्या मुलीसारखीच होते, फक्त मांजरांच्या जागी माझ्याकडे एसटीची वेळापत्रके होती. मुलीसमोर किती बोलावे, या तुमच्या एकाच प्रश्नावर लिहिते, कारण त्यावर अजून कुणी बोललेले नाही.

तिच्या डोक्यावरून बोलू नका. मुलगी शांत बसली आहे म्हणजे तिला ऐकू येत नाही असे नव्हे. आई आपल्या किंचाळण्याचे वर्णन परक्या माणसाला करते आहे, हे ती शब्द न् शब्द ऐकणार आणि पुढे कित्येक वर्षे आठवणार. म्हणून वेळ घेतानाच सांगा की काही गोष्टी आम्हाला मुलगी बाहेर असताना सांगायच्या आहेत. सोबत वडील, मावशी, कुणीतरी असू द्या, म्हणजे ती बाहेर एकटी बसणार नाही. ते जमणारे नसेल तर तो एक पानाचा कागद आत गेल्यावर आधी डॉक्टरांच्या हातात द्या आणि "यातील गोष्टी तिच्यासमोर मोठ्याने नकोत," एवढे म्हणा.

तिला अंधारात ठेवून मात्र नेऊ नका. "सुई नाही, ते डॉक्टर आवाज आणि गर्दीचा त्रास का होतो ते समजून घेतात, तुला प्रश्न विचारतील, नको वाटले तर नाही म्हणता येईल," असे आदल्या दिवशी सांगितले तर पुरते. खोली कशी असेल, कुठल्या गाडीने जायचे, परत केव्हा यायचे, हे क्रमाने सांगा. अनिश्चितता हाच तिचा अर्धा त्रास असणार. मांजरांची वही सोबत न्या. ती वही उघडली की डॉक्टरांना तुमच्या सांगण्याची गरजच पडणार नाही.

आणखी एक सूचना. आपल्याकडे घरी अहिराणी, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी-इंग्रजी असे असते. तपासणारे पुण्या-मुंबईकडचे असतील तर ते तिने अहिराणी वळणाने दिलेल्या उत्तराला अडखळणे समजतील किंवा कार्टूनमधून उचललेल्या हिंदी वाक्यांना अस्खलित बोलणे समजतील. घरातील भाषा कोणती, ती कुणाशी कोणत्या भाषेत बोलते आणि कार्टूनची वाक्ये जशीच्या तशी कुठे वापरते, हे लिहून न्या. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिझम होत नाही, त्यामुळे "घरी अहिराणी बंद करा" असा सल्ला मिळाला तर तो मानू नका.

यावलकरीण

सर्वांचे मनापासून आभार. बाईंना द्यायचे प्रश्न आजच लिहून काढले. आणखी एक विचारते, थोडा संकोच वाटतो. यजमानांना काळजी आहे की एकदा कागदावर नाव लागले की ते पुसत नाही, उद्या शाळेत कळेल आणि पुढे लग्नाच्या वेळी बोलणी मोडतील. निदान घेतले म्हणजे प्रमाणपत्र घ्यावेच लागते का?

सातपुड्याचा शेतकरी (चोपडा तालुका)

नाही. निदान हा तुमच्या फाइलमधील कागद आहे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही वेगळी, तुम्ही स्वतः अर्ज केला तरच सुरू होणारी प्रक्रिया आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले तर परीक्षेत वाढीव वेळेपासून इतर सवलतींपर्यंत उपयोग होतो. अर्ज आज करा, दहावीच्या आधी करा किंवा करूच नका, ते तुमच्या हाती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे शाळेला तुमच्याशिवाय कुणी कळवणार नाही. लग्नाबद्दल यजमानांना माझा निरोप सांगा की ती मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आधी पाचवीत सुखाने जाऊ द्या.

बालरोगतज्ज्ञ, जळगाव जिल्हा

मी टेबलाच्या पलीकडे बसणारा आहे, म्हणून तिकडून लिहितो. ओपीडीत एका रुग्णाला खरोखरच फार थोडी मिनिटे मिळतात, आणि त्यात पालकांनी "हिला ऑटिझम आहे का?" असे विचारले की डॉक्टर हो किंवा नाही म्हणण्याच्या पेचात सापडतो. घाईच्या वेळी "नाही" म्हणणे सोपे पडते. त्याऐवजी पहिले वाक्य असे असू द्या: "आम्हाला मुलीचे ऑटिझमसाठी सविस्तर मूल्यमापन करून घ्यायचे आहे, आमच्या काळजीचे प्रसंग या पानावर आहेत, आणि ते येथे होणार नसेल तर कुठे होईल, तेथे पाठवण्याचे पत्र द्यावे." या मागणीला दहा मिनिटांतही उत्तर देता येते. वेळ घेतानाच फोनवर सांगितले की विकासविषयक तपासणी आहे, तर बरेच दवाखाने दिवसाच्या शेवटची, निवांत वेळ देतात.

कुणाकडे जावे याचेही लिहितो. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ मिळाले तर उत्तम, पण खान्देशात ते विरळाच. मुलांसोबत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मिळूनही हे काम नीट करतात. खर्चाची अडचण असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग आहे. त्यांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात बसतात आणि पथकाच्या चिठ्ठीवर जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (मुलांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या) केंद्राकडे पाठवले जाते. तुमच्या मुलीसारखी शांत मुलगी त्या पथकाच्या नजरेतून निसटणार, त्यामुळे पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांकडून कळवून घ्या आणि त्या दिवशी स्वतः शाळेत हजर राहा. मुंबईला जायची तयारी असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि भाषेची तपासणी चांगली होते.

पुन्हा "नाही" असे उत्तर आले तर वाद घालू नका. "कोणत्या निरीक्षणांवरून नाही ठरले ते केसपेपरवर लिहून द्याल का, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल," एवढी विनंती करा. लिहावे लागते म्हटल्यावर आम्ही डॉक्टर थोडे अधिक विचारतो, हे माझ्या पेशाबद्दलचे निरीक्षण समजा. आणि वाट पाहण्याच्या काळात निदानाअभावी काही अडत नाही: शाळेतून आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास तिला कुणी काही विचारू नये, पट्टा टोचत असेल तर शाळेकडे सुती नाडीची परवानगी मागावी, यंदाच्या कानबाईला तिच्यासाठी मागची खोली आधीच मोकळी ठेवावी. यातून काय बदलले तेही त्या पानाच्या तळाशी लिहा, त्याचाही निदानात उपयोग होतो.

यावलकरीण

डॉक्टरसाहेब, ते पहिले वाक्य तसेच्या तसे उतरवून घेतले आहे. शेवटची वेळ मिळते का ते विचारायला उद्या सकाळीच फोन करते.